ठिसूळ नखे: आधी गोळी की आधी हातमोजे?

साधारण पाच माणसांमागे एकाची नखे ठिसूळ असतात आणि बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट असते, असे त्वचारोगशास्त्रात गेली काही दशके मानले जाते. पन्नाशीनंतर ते आणखी वाढते. नखाच्या टोकाला पापुद्रे सुटतात, उभ्या रेषा खोल होऊन चीर जाते, जरासा धक्का लागला की टवका उडतो आणि अर्धवट तुटलेली कड पदरात नाहीतर केसांत अडकत राहते. जिवाला धोका नसल्याने या तक्रारीकडे वैद्यकाने बराच काळ सौंदर्यप्रसाधनाचा विषय म्हणूनच पाहिले. आज ‘नखे सारखी का तुटतात?’ असे कोणी विचारले, तर उत्तरे दोन दिशांनी येतात. एक म्हणते, दोष आत आहे: रक्त कमी असेल, कॅल्शियम कमी असेल, बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी सुरू करा. दुसरे म्हणते, दोष बाहेर आहे: पाणी, साबण, नेलपॉलिश आणि ते काढायचे द्रावण यांनी नखाची झीज होते, तेव्हा हातमोजे घाला, तेल लावा. या दोन बाजूंचा पुरावा काय आहे, तो कुठे भक्कम आणि कुठे विरळ आहे, आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण पुराव्याचे वजन सारखे नाही. कमतरतेची खूण दिसत नसेल तर बाहेरच्या झिजेचा बंदोबस्त आधी यावा आणि गोळी सर्वांत शेवटी, हा क्रम आजच्या माहितीला धरून आहे, असे मला वाटते.

नखाची घडण

वाद समजून घ्यायचा तर नख कसे तयार होते ते आधी पाहावे लागते. नखाच्या मुळाशी, कातडीखाली, जिवंत पेशींचा एक पट्टा असतो. त्याला नखजननी म्हणता येईल. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा तिचाच दिसणारा भाग. इथे तयार झालेल्या पेशी पुढे सरकताना चपट्या होतात, केराटिन या प्रथिनाने भरतात आणि मरतात. आपण ज्याला नख म्हणतो ती अशा मृत पेशींची, एकावर एक घट्ट बसलेल्या थरांची, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी असते. तिचा कडकपणा केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडणाऱ्या गंधकाच्या बंधांतून येतो. कॅल्शियम नखात असते, पण अगदी नाममात्र, आणि नखाच्या कडकपणाचा भार ते वाहत नाही.

बोटाचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे नख यायला सहा महिने लागतात. विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखाची वाढ पस्तीस वर्षे मोजली आणि १९८० साली ती प्रसिद्ध केली. बत्तिसाव्या वर्षी रोज ०.१२३ मिलिमीटर वाढणारे नख सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५ मिलिमीटरवर आले होते. म्हणजे वय वाढते तसे नख अधिक काळ बोटावर राहते आणि तितकीच जास्त झीज सोसते. नखाच्या तीन थरांपैकी मधल्या, सर्वांत जाड थरातले तंतू आडवे असतात. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले की नख उभे फाडायला आडवे फाडण्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. त्यामुळेच नखाला गेलेली चीर बहुधा आडवी वळते आणि मुळापर्यंत पोचून जिवंत मांसाला इजा करत नाही. निरोगी नखसुद्धा तुटतेच. ते कसे तुटावे याची सोय मात्र त्याच्या रचनेत आहे.

या घडणीतून दोन निष्कर्ष निघतात आणि पुढची सगळी चर्चा त्यांच्यावर उभी आहे. पहिला असा की बाहेर आलेले नख मृत असते, त्यामुळे खाल्लेले काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आहारातला बदल फक्त नव्याने तयार होणाऱ्या भागात दिसणार आणि तो टोकापर्यंत यायला काही महिने लागणार. दुसरा असा की पातळ नख आणि ठिसूळ नख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नख किती जाड असेल हे बहुतांशी मुळाशी ठरते. तयार झालेले थर एकमेकांना धरून राहतात की नाही, हे पुढच्या सहा महिन्यांत ते काय काय सोसते यावरही अवलंबून असते. तक्रार करणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात आणि बाजारातली उत्पादनेही दोन्हींवर एकच उपाय विकतात. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

चर्चा इथवर कशी आली

नखांचा संबंध शरीराच्या आतल्या स्थितीशी जोडण्याची आपली परंपरा जुनी आहे. आयुर्वेदात केस आणि नखे हे अस्थिधातूचे मल मानले आहेत, आणि चरकसंहितेत अस्थिक्षयाच्या लक्षणांत केस, दात आणि नखे यांच्या ऱ्हासाचा उल्लेख येतो. ‘नखे तुटतात म्हणजे हाडांत कॅल्शियम कमी’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या निदानामागे या जुन्या जोडणीचा आणि आधुनिक औषधदुकानाचा असा दुहेरी वारसा असावा. पाश्चात्त्य वैद्यकात विसाव्या शतकाच्या मध्याला जिलेटिनचा बोलबाला झाला. १९५० आणि १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत रोज काही ग्रॅम जिलेटिन घेणाऱ्यांची नखे सुधारल्याचे सांगितले गेले. तुलनेसाठी न घेणाऱ्यांचा गट ठेवण्याची शिस्त तेव्हा पुरती रुजलेली नव्हती. शिवाय नखाला कडकपणा देणारे गंधकयुक्त सिस्टीन हे अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्याच्या परिणामाचे स्पष्टीकरणही अवघड होते.

१९८०च्या दशकात चर्चेने वळण घेतले ते जनावरांच्या खुरांमुळे. डुकरांच्या आणि घोड्यांच्या खुरांना भेगा पडल्या तर बायोटिन दिल्याने खूर सुधारतात, असे पशुवैद्यकांना दिसले होते. खूर आणि नख दोन्ही केराटिनचे, तेव्हा माणसावर प्रयोग झाले आणि १९८९ ते १९९३ या काळात बायोटिनवरचे तीन मुख्य अभ्यास आले. त्याच सुमारास, १९९१ साली, नखाचे थर सुटण्यामागे वारंवार भिजणे आणि वाळणे हे कारण प्रयोगाने तपासले गेले. पोषणाची आणि झिजेची अशा दोन्ही बाजू एकाच दशकात आकाराला आल्या. पुढे बायोटिनची बाजारपेठ झाली. झिजेच्या बाजूकडे विकण्यासारखे फार काही नव्हते, म्हणून ती पाठ्यपुस्तकांत राहिली.

बाहेरची बाजू: पाणी, साबण, रसायने

झिजेची बाजू तीन प्रकारच्या पुराव्यांवर उभी आहे. पहिला प्रयोगाचा. १९९१च्या अभ्यासात निरोगी माणसांच्या नखांचे तुकडे तीन आठवडे पुन्हा पुन्हा भिजवले आणि वाळवले, तेव्हा त्यांचे थर रुग्णांच्या नखांसारखे सुटले. पाणी शिरले की पेशी फुगतात, वाळल्या की आकसतात; हे पुन्हा पुन्हा झाले की पेशींना चिकटवून ठेवणारा दुवा सैल होतो. पावसाळ्यात भिजून उन्हात वाळणाऱ्या प्लायवूडचे पदर सुटतात, तोच हा प्रकार. साबण आणि भांड्यांचे द्रव नखातली मुळातच थोडी असलेली स्निग्धता काढून घेतात आणि ही झीज वाढवतात. दुसरा पुरावा जागेचा आहे. पापुद्रे सुटण्याची तक्रार कामाच्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत जास्त आढळते, तर पायाची नखे बहुधा धडधाकट असतात. रक्त सगळ्या बोटांना तेच मिळते. दोष केवळ रक्तात असता तर त्याने उजवा हात आणि डावा हात असा भेद केला नसता. तिसरा पुरावा व्यवसायाचा. धुणीभांडी करणाऱ्या, परिचारिका, केशकर्तनाचे काम करणारे, बर्फात आणि मिठाच्या पाण्यात मासळी हाताळणाऱ्या कोळिणी, अशा ज्यांचे हात दिवसभर ओले होतात त्यांच्यात नखांच्या तक्रारी आणि नखुरडे जास्त दिसतात.

या बाजूवरचा सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याच्या मोजमापातून आला. निरोगी नखात अठरा टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि ते सोळाच्या खाली गेले की नख ठिसूळ होते, असे पाठ्यपुस्तके सांगत आली होती. २००७ साली अमेरिकेत हे प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा निरोगी नखांत सरासरी ११.९० टक्के आणि ठिसूळ नखांत १२.४८ टक्के पाणी भरले. दोन्ही आकडे समजुतीपेक्षा कमी, आणि त्यांत अर्थपूर्ण फरक नाही. म्हणजे ‘नख कोरडे पडले म्हणून तुटते’ हे सोपे समीकरण टिकत नाही. पण या निष्कर्षाने झिजेची बाजू कोसळत नाही. झिजेचा दावा पाणी किती आहे यावर नसून ते किती वेळा आत-बाहेर होते यावर आहे. सैल झालेला सांधा मोजमापाच्या क्षणी कोरडा असो वा ओला, सैलच राहतो. मोजण्यासाठी घेतलेले तुकडेही कापलेल्या टोकाचे होते, बोटावरच्या नखाचे नव्हते. तरीही या अभ्यासाने एक गोष्ट पक्की केली: नखाला ‘ओलावा देणे’ हे उद्दिष्ट सांगणाऱ्या उत्पादनांचा पाया आपण समजतो तितका मजबूत नाही.

नेलपॉलिशबद्दल दोन्ही टोकांची मते आढळतात. साध्या पॉलिशचा थर पाण्यापासून थोडे संरक्षणच देतो. अडचण ते काढण्याची आहे. अ‍ॅसिटोन नखातली स्निग्धता ओढून घेतो आणि दर दोन-चार दिवसांनी रंग बदलणाऱ्याच्या नखावर तो आघात सारखा होत राहतो. जेल पॉलिश काढायला नख अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटे भिजवून वरचा थर खरवडावा लागतो. त्यानंतर नख पातळ झाल्याचे २०१२ साली अल्ट्रासाउंड आणि सूक्ष्मदर्शकाने मोजून दाखवले गेले. ही नोंद मोजक्या निरीक्षणाची आहे, पण ब्युटी पार्लरमधला रोजचा अनुभव तिच्याशी जुळतो. नख जेलने पातळ होते की काढण्याच्या घाईने, हे मात्र तिच्यातून वेगळे करता येत नाही.

आतली बाजू: कमतरता आणि आजार

आतल्या बाजूचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे ओळखू येणारे आजार. लोहाच्या तीव्र कमतरतेत नख पातळ होऊन मध्ये खोलगट, चमच्यासारखे होते. थायरॉइडचे काम मंदावले की नखे सावकाश वाढतात आणि तुटतात. सोरायसिस, लायकेन प्लॅनस, चाई, बुरशीचा संसर्ग, कर्करोगावरची आणि मुरुमांवरची काही औषधे, या सर्वांत नखाचा पोत बिघडतो. महाराष्ट्रात हा भाग बाजूला सारता येणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ होता. जिथे दर दोन स्त्रियांत एकीचे हिमोग्लोबिन कमी आहे, तिथे थकवा, धाप, फिकटपणा यांच्या सोबतीने नखे बिघडली असतील तर साधी रक्ततपासणी करणे शहाणपणाचेच आहे. पण उलटा निष्कर्ष काढता येत नाही. रक्तक्षय असलेल्या बहुतेकींची नखे चमच्यासारखी होत नाहीत, आणि नखे तुटणाऱ्या बहुतेकींना दुसरे काही लक्षणही नसते.

नख हे शरीरात गेलेल्या द्रव्यांचे दप्तरही असते, आणि तिथे कमतरतेइतकाच अतिरेकही उमटतो. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत २०२४ अखेरीस आणि २०२५च्या सुरुवातीला लोकांचे केस अचानक गळू लागले, आणि काही महिन्यांनी त्याच भागात नखे विद्रूप होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियमचा अतिरेक केस आणि नखे घालवतो हे वैद्यकाला आधीपासून माहीत आहे. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलवरच्या प्रमाणाच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले आणि दोनशेवर माणसांना केस गळणे, नखे बिघडणे असा त्रास झाला. ‘केस व नखांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोषक द्रव्य थोडे हवे असते म्हणून जास्त घेतले की जास्त चांगले, असे नख तरी सांगत नाही.

गोळ्यांचा हिशेब

पूरकांत बायोटिनचा पुरावा सर्वाधिक उद्धृत होतो, म्हणून तो नीट पाहू. १९८९च्या एका अभ्यासात रोज अडीच मिलिग्रॅम बायोटिन घेतलेल्या ४५ जणांपैकी ४१ जणांची नखे काही महिन्यांत कडक झाली. १९९०च्या स्विस अभ्यासात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नखाची जाडी सुमारे २५ टक्के वाढलेली दिसली. १९९३ साली अमेरिकेत ३५ जणांची माहिती घेतली गेली, त्यांत २२ जणांना फायदा आणि १३ जणांना काहीच फरक नाही. आकडे आशादायक वाटतात. पण गट लहान आहेत, खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांचा समांतर गट कुठेच नाही, आणि दोन अभ्यासांत बराचसा निकाल रुग्णाच्या किंवा डॉक्टरच्या मतावर आहे. घोड्यांच्या बाबतीत चित्र अधिक चांगले आहे. १९९५ साली लिपिझानर जातीच्या ४२ घोड्यांवर झालेल्या प्रयोगात खोट्या मात्रेशी तुलना करूनही बायोटिनचा फायदा दिसला. पण घोड्याच्या खुरावर सिद्ध झालेले माणसाच्या नखावर गृहीत धरता येत नाही. बायोटिनची खरी कमतरता माणसात दुर्मीळ आहे. अंडी, शेंगदाणे यांतून ते मिळते आणि प्रौढाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम मानली जाते. अभ्यासांतली मात्रा तिच्या ऐंशी पटींहून जास्त होती आणि दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्यांत तर दहा मिलिग्रॅम असते.

इतर पूरकांची स्थिती थोडक्यात सांगता येते. कॅल्शियमचा प्रश्न जवळपास निकाली निघालेला आहे. न्यूझीलंडमध्ये रजोनिवृत्त स्त्रियांच्या नियंत्रित चाचणीत रोज एक ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या आणि खोटी गोळी घेणाऱ्या गटांच्या नखांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम हाडांसाठी घ्यायचे असेल तर घ्यावे, नखांसाठी नाही. सिलिकॉनच्या एका संयुगावर २००५ साली पन्नास स्त्रियांत वीस आठवड्यांची नियंत्रित चाचणी झाली आणि तिच्यात नखांचा ठिसूळपणा कमी झाल्याचे स्त्रियांनी सांगितले. रचनेच्या दृष्टीने ही बायोटिनच्या अभ्यासांपेक्षा सरस, पण ती छोटी आहे. कोलॅजनच्या पेप्टाइडांवर २०१७ साली पंचवीस स्त्रियांत अभ्यास झाला आणि नखे तुटण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. मात्र तुलनेचा गट नव्हता. जस्त आणि लोह यांचा उपयोग कमतरता असणाऱ्यांनाच होण्याची शक्यता अधिक. एकंदरीत पूरकांच्या बाजूने सांगायचे ते एवढेच की शक्यता आहे, सिद्धता नाही.

लेप, तेल आणि हार्डनर

वरून लावायच्या गोष्टींचेही दोन गट पडतात. एक नखाला झाकणारा: पेट्रोलियम जेली, लॅनोलिन, खोबरेल तेल, युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली मलमे, आणि अलीकडची कायटोसानसारख्या द्रव्यांची, औषधी म्हणून विकली जाणारी लाखेसारखी लेपने. ही पाण्याचे येणे-जाणे मंदावतात, म्हणजे झिजेच्या मूळ यंत्रणेवरच काम करतात. लेपनांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत काही सुधारणा दिसली आहे. खोबरेलाचा आधार अनुभवाचा आणि तर्काचा, पण ते स्वस्त, घरात असणारे आणि निरुपद्रवी आहे. दुसरा गट नख कडक करणारा. फॉर्मल्डिहाइड असलेले हार्डनर केराटिनच्या साखळ्यांना आणखी जखडतात, त्यामुळे सुरुवातीला नख टणक वाटते. वापर चालू राहिला तर ते लवचिकपणा गमावून काचेसारखे तडकते, शिवाय अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि नख खालच्या मांसापासून सुटू शकते. नखाला कडकपणाइतकीच लवचिकताही लागते, हे हार्डनरचा हिशेब करताना विसरले जाते. मऊ पडून वाकणारी नखे आणि कोरडी पडून तडकणारी नखे यांना एकच उपाय लागू होत नाही, तेही यामुळेच. पहिल्यांना पाणी कमी हवे, दुसऱ्यांना स्निग्धता जास्त.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

गोळीच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद अनुभवाचा असतो: घेतली आणि नखे सुधारली. हा अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही, पण त्याचे श्रेय कोणाला हे त्यातून ठरत नाही. नख बदलायला सहा महिने लागतात. तेवढ्या काळात ऋतू बदलतो, कामाचे स्वरूप बदलते, आणि गोळीवर पैसे खर्च करणारी व्यक्ती नखे आखूड ठेवू लागते, हातांना क्रीम लावू लागते. शिवाय लोक उपाय सुरू करतात तेव्हा त्रास टोकाला गेलेला असतो. तिथून तो बऱ्याचदा आपोआपच थोडा उतरतो. समांतर गटाची गरज यासाठीच असते. दुसरा युक्तिवाद निरुपद्रवीपणाचा: फायदा नसला तरी तोटा काय? हा युक्तिवाद २०१७ पर्यंत चालण्यासारखा होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की मोठ्या मात्रेतले बायोटिन रक्ताच्या काही चाचण्या बिघडवते. अनेक प्रयोगशाळांची यंत्रे चाचणीसाठी बायोटिनचीच जोडणी वापरतात. रक्तात ते जास्त असले की हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते, आणि थायरॉइडचे आकडे ग्रंथी अतिसक्रिय असल्याचा आभास निर्माण करू शकतात. ट्रोपोनिन चुकीचे कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंदही त्या इशाऱ्यात होती. ठिसूळ नखांच्या कारणांत थायरॉइड येत असल्याने अडचण दुहेरी होते: नखांसाठी घेतलेली गोळी नखांचे कारण शोधणारी चाचणीच फसवू शकते. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी तसे सांगणे म्हणूनच गरजेचे आहे.

झिजेच्या बाजूवरचा आक्षेपही तितकाच रास्त आहे. एकाच घरात दोघी भांडी घासतात, एकीची नखे तुटतात आणि दुसरीची नाहीत, ते का? याचे उत्तर असे की नखाची जाडी, स्निग्धता आणि पेशींना जोडणारा दुवा यांत आनुवंशिक फरक असतो आणि वयाबरोबर तो बदलतो. स्त्रियांच्या नखांतील कोलेस्टेरॉल सल्फेट हे स्निग्ध द्रव्य वयानुसार घटते, असे मोजलेही गेले आहे. झीज सर्वांची होते, पण सहन करण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी. म्हणून झीज हे एकमेव कारण म्हणता येत नाही. बदलता येण्याजोगे कारण मात्र बहुधा तेच असते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. दहा घरची भांडी करणाऱ्या बाईला सुती अस्तराचे हातमोजे वापरा म्हणणे सोपे; ते घसरतात, फाटतात, आत घाम धरतात आणि विकत कोणी घ्यायचे हा प्रश्न राहतोच. या आक्षेपाने उपायाची शास्त्रीय बाजू खोटी ठरत नाही, पण सल्ला कोणाला उद्देशून दिला जातो हे त्याने उघड होते. काम संपल्यावर हात पुसून नखांना तेलाचा थेंब चोळणे आणि नखे आखूड ठेवणे एवढे तरी बिनखर्चाचे आहे. मोज्यांचा खर्च मात्र कामाच्या अटींचा भाग मानायला हवा.

काय सुटलेले नाही

तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला मोजमापाचा. नख किती ठिसूळ हे ठरवायला सर्वमान्य माप नाही. २००५ साली एक श्रेणीपद्धत सुचवली गेली, पण अभ्यासागणिक कसोट्या बदलत राहिल्या: कुठे रुग्णाचे मत, कुठे जाडी, कुठे तुटलेल्या नखांची संख्या. त्यामुळे एका अभ्यासाचा निकाल दुसऱ्याशेजारी ठेवता येत नाही. दुसरा प्रश्न चाचणीच्या रचनेचा. बायोटिनवर मोठी, किमान सहा महिन्यांची, खोट्या गोळीशी तुलना करणारी चाचणी आवश्यक आहे, आणि तशीच चाचणी हातमोजे-तेल या साध्या उपायांचीही. दोन्ही एकाच चाचणीत समोरासमोर ठेवता आले तर अर्धा वाद मिटेल. पण स्वस्त उपायाच्या चाचणीला पैसा घालणारा व्यापारी हितसंबंध नसतो, आणि रोग जीवघेणा नसल्याने सरकारी निधीच्या रांगेत तो मागे राहतो. तिसरा प्रश्न कोणाच्या नखांचा अभ्यास होतो हा. वर उल्लेखलेल्या बहुतेक चाचण्या युरोप-अमेरिकेत झालेल्या आहेत. उष्ण-दमट हवा, व्यापक रक्तक्षय, दिवसभर ओल्या हातांनी करावी लागणारी कामे अशा परिस्थितीत आतल्या आणि बाहेरच्या कारणांचे प्रमाण वेगळे असू शकते. कोकणातल्या मासळीबाजारात किंवा पुण्या-मुंबईच्या घरकामगारांत हा अभ्यास केला, तर कदाचित या प्रश्नावरची सर्वांत उपयुक्त माहिती मिळेल.

आजच्या घडीला

अनिश्चितता असली तरी निर्णय लांबवता येत नाही, कारण नखे रोज तुटतच असतात. हाती असलेल्या पुराव्यातून एक क्रम निघतो. त्रास कुठे आहे ते आधी पाहावे. मोजक्या, जास्त वापरातल्या बोटांच्या टोकाशीच पापुद्रे सुटत असतील तर कारण बहुधा बाहेरचे. अशा वेळी सहा महिने नखे आखूड ठेवणे, ओल्या कामात शक्य तेवढे हातमोजे, हात धुतल्यावर तेल किंवा जेली, अ‍ॅसिटोनला आणि हार्डनरला सुट्टी, आणि पॉलिश हवेच असेल तर ते क्वचित बदलणे, एवढे करून पाहावे. सहा महिन्यांची अट महत्त्वाची आहे; त्याआधी कोणताही उपाय लागू पडला किंवा फसला असे म्हणता येत नाही. वीसही नखे एकदम बिघडली, नख चमच्यासारखे झाले, जाड-पिवळे पडले, एखाद्या नखात नवा काळा पट्टा दिसू लागला, किंवा सोबत थकवा, केस गळणे, वजनातले बदल असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन रक्त आणि थायरॉइड तपासावे, बुरशीची शंका असल्यास नखाचा नमुना द्यावा. कमतरता सापडली तर ती भरून काढावी. काहीच सापडले नाही, सहा महिन्यांची काळजीही वाया गेली आणि तरी बायोटिन घ्यायचेच असेल, तर ते डॉक्टरांना सांगून, मर्यादित काळासाठी, खात्रीचा उपाय म्हणून नव्हे तर प्रयोग म्हणून घ्यावे. उद्या चांगली चाचणी होऊन बायोटिनच्या बाजूने निकाल लागला तर हा क्रम बदलावा लागेल. तोवर पुराव्याचा भार गोळी विकणाऱ्यावर आहे, ती न घेणाऱ्यावर नाही.